मतपत्रिका आणि मोर्चा : एका मातेच्या प्रश्नाचे उत्तर

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. संविधान दिनानिमित्त, २६ नोव्हेंबरला, आपल्या शाळेच्या सभागृहात नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांची वादविवाद स्पर्धा भरली होती. विषय आम्हीच दिला होता : ‘परिवर्तनासाठी मतदान प्रभावी की आंदोलन?’ मुलांनी तयारी उत्तम केली होती. मतदानाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी संविधान सभेचे दाखले दिले. आंदोलनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी महाड, काळाराम मंदिर आणि नामांतर यांची आठवण करून दिली. टाळ्या दोन्ही बाजूंना पडल्या. परीक्षक या नात्याने समारोप करण्यास आम्ही उभे राहिलो, तोच मागच्या रांगेतून एक माता उठल्या. त्यांची टोळी दोन दिवसांनी कारखान्याकडे निघणार होती; त्यापूर्वी वसतिगृहातल्या मुलाला भेटावे म्हणून त्या आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, आम्ही मत बी देऊन पाह्यलं अन् मोर्चा बी काढून पाह्यला. मसनवट्याची जागा काही भेटली नाही. मंग आता आम्ही करावं काय?”

सभागृह शांत झाले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तीस वर्षांच्या अध्यापनात सनावळ्या आमच्या जिभेवर आहेत; परंतु त्या प्रश्नापुढे आम्ही काही गुळमुळीत वाक्ये बोलून वेळ निभावून नेली. ती गोष्ट पुढे अनेक दिवस मनाला लागून राहिली. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या मातेस द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आम्ही येथे मांडीत आहोत.

प्रथम आमच्या चुकीची कबुली. आम्ही दिलेला विषयच सदोष होता. ‘हे की ते’ असा पर्याय समोर ठेवून आम्ही मुलांना एका हाताने टाळी वाजवावयास सांगितले होते. ज्या संविधानाचा गौरव करण्यासाठी आपण त्या दिवशी जमलो होतो, त्याच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला आणि अनुच्छेद १९ ने शांततेने व शस्त्रांवाचून एकत्र जमण्याचा अधिकार दिला. दोन्ही अधिकार एकाच ग्रंथात आहेत. त्यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की, कोणत्या कामासाठी कोणते साधन वापरावयाचे, आणि एका साधनाने मिळविलेले दुसऱ्याने कसे राखावयाचे.

या दृष्टीने महाडकडे पुन्हा एकदा पाहू. चवदार तळ्याचा संग्राम आपण दरवर्षी साजरा करतो. परंतु त्याची सुरुवात तळ्याच्या काठावर झालेली नाही. ती मुंबईच्या कायदे कौन्सिलात झाली. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कौन्सिल झाली, नगरपालिका झाली. कागद पूर्ण होता. तरीही १९२७ पर्यंत त्या तळ्यातील ओंजळभर पाणी आपल्या माणसांच्या ओठांना लागले नव्हते. कागदावरचा ठराव आणि ओंजळीतले पाणी यांच्यामध्ये गावाची दहशत उभी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी रांगेने चालत तळ्यावर गेले. त्यांनी नवा हक्क मागितला नव्हता. मंजूर झालेला हक्क बजावला होता. हा फरक फार मोलाचा आहे.

पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, माणसे रक्तबंबाळ झाली. तरी बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाचा निर्धार झाला, हजारो लोक महाडला जमले. तोवर विरोधकांनी तळे खासगी असल्याचा दावा करून न्यायालयाचा मनाईहुकूम आणला होता. मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्याचे पाणी घेण्याचा सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी तहकूब केला. जमलेल्या लोकांचा उत्साह केवढा असेल, याची कल्पना करावी. तरीही लोक तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक काढून परतले आणि लढा न्यायालयात गेला. तो तब्बल दहा वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. कौन्सिलाचा ठराव, रस्त्यावरची पावले आणि न्यायालयाची पायरी या तिन्ही गोष्टी एका तळ्यासाठी लागल्या. त्यांतील एकही वगळली असती, तर ते पाणी आपले झाले नसते.

काहीजण म्हणतील की, तेव्हा आपल्याला मताचा अधिकारच नव्हता, म्हणून रस्त्यावर उतरावे लागले. यात तथ्य आहे. त्या काळी मताधिकार मालमत्ता आणि कर यांवर बेतलेला होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला मतपेटी दिसणेही दुर्मीळ होते. म्हणूनच अवघ्या सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना मताधिकाराचा प्रश्न मांडला आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. मताचे मोल त्यांच्याइतके क्वचितच कोणी ओळखले असेल. परंतु मत मिळाल्यावर, आमदारकी मिळाल्यावर त्यांनी रस्ता सोडला काय? १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार निवडून आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात मांडले. आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आणला. आत विधेयक, बाहेर मोर्चा. आणि दोन्हींची मागणी शब्दशः एकच. मोर्चातल्या कुळाला आपण कशासाठी चालतो आहोत हे ठाऊक होते आणि सभागृहातल्या विरोधकाला बाहेर कोण उभे आहे हे दिसत होते. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. पेरणाऱ्याच्या हयातीत पीक येतेच असे नाही. येथे ते आले, पण अकरा-बारा वर्षे वाट पाहावी लागली.

आता त्या भाषणाकडे येऊ, ज्याचा आधार घेऊन मोर्चाला नाक मुरडले जाते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी रक्तरंजित क्रांतीबरोबरच सविनय कायदेभंग, असहकार व सत्याग्रह हे मार्गही आता सोडले पाहिजेत, असा इशारा दिला आणि सनदशीर मार्ग खुले असताना त्या पद्धतींचे समर्थन होऊ शकत नाही, असे सांगितले. आमच्या मते, या इशाऱ्याचे सोयीस्कर वाचन दोन्हीकडून होते. एक पक्ष त्यातून ‘घरी बसा’ असा आदेश काढतो. दुसरा पक्ष हे भाषण वाचतच नाही. बाबासाहेबांनी कायदा मोडण्याच्या मार्गाविषयी सावध केले. परवानगी घेऊन, शांततेने, निवेदन हाती घेऊन जमणे हा तर त्यांच्याच संविधानाने दिलेला अधिकार होय. त्याच भाषणात त्यांनी सांगितले की, राजकारणात आपण एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व मान्य करू. परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता कायम राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर जे विषमतेने पोळले आहेत ते लोकशाहीचा हा डोलाराच उद्ध्वस्त करतील. म्हणजे शांततेची अट त्यांनी एकट्या पीडितांवर घातलेली नाही. सनदशीर मार्ग खरोखर खुला ठेवण्याची जबाबदारी सत्तेवरही आहे.

त्याच भाषणात भिक्खुसंघाचा उल्लेख आहे. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी आणि गुप्त मतदान यांचे नियम प्राचीन संघाला ठाऊक होते, याची आठवण त्यांनी सभागृहाला करून दिली. आपल्या शाळेतील मुले दररोज सायंकाळी वंदना म्हणतात. त्यांना आम्ही हेही सांगतो की, जेथे वाद मिटत नसे तेथे संघात शलाका वाटून बहुमत घेतले जाई. मतदान ही आपल्यासाठी परकी वस्तू नव्हे.

आणि मतदानाने बाबासाहेबांचेही समाधान केले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतून ते पराभूत झाले. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही अपयश आले. संविधानाच्या शिल्पकाराला त्याच संविधानाखालील मतदारांनी दोनदा नाकारले. तरी त्यांनी मतपेटीला शाप दिला नाही. राज्यसभेत बसून ते बोलत राहिले आणि नव्या पक्षाची मांडणी करीत राहिले. ‘मत देऊन काय होते?’ असे एका पराभवानंतर विचारणाऱ्या तरुणांना आम्ही हा प्रसंग मुद्दाम सांगतो.

आमच्या पिढीचे महाड म्हणजे नामांतर. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. आम्ही तेव्हा दुसरीत होतो. ठराव आम्हांला कळला नाही. त्यानंतर पेटलेल्या वस्त्या मात्र कळल्या. ज्या रात्री आईने आम्हा भावंडांना उठवून ज्वारीच्या शेतात नेऊन बसविले, ती रात्र आजही डोळ्यांपुढे आहे. सकाळी परतलो तेव्हा आमचे छप्पर शाबूत होते. शेजारच्या दोन घरांचे नव्हते. लोकप्रतिनिधींनी हात वर करून दिलेले नाव रस्त्यावरच्या दहशतीने रोखून धरले. येथे रस्ता आपल्या विरुद्ध उभा होता, हे ध्यानात घ्यावे. रस्ता जात्याच पुरोगामी नसतो. त्यावर कोण, कशासाठी आणि कोणाच्या विरुद्ध उतरले आहे, यावर त्याचे पुण्य-पाप ठरते.

त्यानंतर साडेपंधरा वर्षे लाँग मार्च निघाले, तुरुंग भरले, माणसे शहीद झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आम्ही तेव्हा त्याच विद्यापीठात इतिहासाचे एम.ए. करीत होतो. आमच्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर जुने नाव आहे आणि दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर नवे. त्या दोन कागदांमध्ये किती माणसांचे आयुष्य गेले, हे आम्ही दहावीच्या वर्गात दरवर्षी सांगतो आणि दोन्ही गुणपत्रिका मुलांच्या हाती देतो. ठराव सभागृहाने केला होता. तो ठराव लोकांनी मरू दिला नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

अलीकडचा अनुभवही हेच सांगतो. २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे योगायोगाने महाडच्या क्रांतिदिनीच, सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट झाली. २ एप्रिलला देशभर बंद झाला. त्यात काही जणांचे प्राणही गेले. ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून कायद्याचे बळ परत दिले आणि ती दुरुस्ती न्यायालयाने पुढे २०२० साली वैध ठरविली. संसद एवढ्या लवकर का हलली? आमचे उत्तर सरळ आहे : रस्त्यावर उतरलेली माणसे मतदारही होती आणि निवडणूक वर्षभरावर आली होती. मताचे बळ पाठीशी नसलेल्या मोर्चाला निवेदनाची पोच मिळते. क्वचितच त्यापलीकडे काही मिळते.

आता त्या मातेच्या गावाकडे जाऊ. वस्तीचा मसनवटा ओढ्याकाठी, पिढ्यान्‌पिढ्यांचा. शेजारच्या शेताचा बांध दरवर्षी हातभर सरकत गेला आणि पावसाळ्यात मयत न्यावयास वाट उरली नाही. ग्रामपंचायतीने जागा देण्याचा ठराव केला होता. पण तो दप्तरात पडून राहिला. संतापून तरुणांनी एके दिवशी तहसीलवर मोर्चा नेला आणि परतताना मोठ्या रस्त्यावर ठिय्या दिला. आश्वासन मिळाले, वर्तमानपत्रात छायाचित्र आले आणि सहा जणांवर गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी एक आपला माजी विद्यार्थी. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तो उत्तीर्ण झाला होता. चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा आडवा आला. आज तो एका गोदामात रात्रपाळी करतो. मोर्चाचे आवाहन करणारे पुढारी भाषण करून गाडीत बसून निघून गेले होते. आंदोलनाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आमच्यासारख्यांनी व्यासपीठावरून टाळ्या घेण्यापूर्वी स्वतःला विचारला पाहिजे.

मताची कथाही याहून गौरवाची नव्हती. पंचायतीच्या मतदानाच्या दिवशी निम्मी वस्ती कारखान्याच्या तळावर, पालांत होती. मुकादमाची उचल फिटल्यावाचून गावी येणे शक्य नव्हते. जे गावात होते, त्यांतल्या काहींची मते आदल्या रात्रीच पाकिटात गेली होती. आम्ही त्यांना दोष देत नाही. दोन दिवसांची मजुरी ज्याच्या हाती कोणी ठेवतो, त्याच्या घरची चूल आम्ही पाहिली आहे. परंतु विकलेल्या मताच्या मालकाला पुढील पाच वर्षे तोंड उरत नाही, हेही तितकेच खरे. म्हणजे ‘मत देऊन पाहिले’ हे त्या मातेच्या बाबतीत खरे होते; पण वस्तीने एक वस्ती म्हणून मत दिले नव्हते. आणि ‘मोर्चा काढून पाहिला’ हेही खरे होते. पण त्या मोर्चाच्या हाती पंचायतीच्या ठरावाची प्रत नव्हती, सातबारा नव्हता, मोजणीचा अर्ज नव्हता.

स्पर्धेनंतरच्या त्या उन्हाळ्यात आपल्या चार माजी विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतले. त्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून येथे देत नाही. त्यांतील एक तालुक्याला वकिली करतो. त्यांनी माहितीच्या अधिकारात ठरावाची नक्कल मिळविली. वस्तीत बसून मतदारयादी वाचली, सुटलेल्या नावांचे अर्ज भरले. मग ग्रामसभा कोणती धरावयाची, याचा विचार केला. २६ जानेवारीला वस्ती रिकामी असते. १५ ऑगस्टला टोळ्या गावात असतात. म्हणून १५ ऑगस्ट ठरला. त्या दिवशी वस्तीतील स्त्रिया, सुमारे सत्तर जणी, आधी महिला सभेला आणि नंतर ग्रामसभेला येऊन बसल्या. घोषणा झाली नाही. त्या मातेने उभे राहून ठरावाची नक्कल सरपंचांपुढे ठेवली आणि मोजणीची तारीख मागितली. तारीख लिहून घेतल्यावाचून कोणी उठले नाही. ते बसून राहणे म्हणजे आंदोलनच होते. आणि ते मतदारांच्या सभेत, मतदार म्हणून झाले होते.

मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले, जागेची नोंद झाली. शेड अद्याप झालेले नाही आणि वाटेचा एक तुकडा अजून वादात आहे. सहा तरुणांवरील खटला चालूच आहे. म्हणून यास आम्ही विजय म्हणत नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात वस्तीतील एका वृद्धाची अंत्ययात्रा चिखल न तुडविता त्या जागेपर्यंत गेली, एवढे आम्ही स्वतः खांदा देऊन पाहिले आहे.

या अनुभवातून आम्ही जे शिकलो, ते आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे नम्रपणे ठेवतो. मोर्चा काढावा, परंतु काय मागायचे, कोणाकडे मागायचे आणि कोणत्या कागदाच्या आधारे, हे मोर्चातील शेवटच्या माणसाला सांगता आले पाहिजे. परवानगी घ्यावी, शिस्त पाळावी आणि ज्याचे आयुष्य एका गुन्ह्याने मोडेल त्या मुलाला पुढे करून स्वतः मागे राहू नये. मत द्यावे, परंतु त्या दिवसाची तयारी वर्षभर आधी यादीतील नावापासून करावी. २०१९ ची विधानसभा निवडणूक २१ ऑक्टोबरला झाली आणि २०२४ ची २० नोव्हेंबरला. टोळ्या गाव सोडतात ते दिवसही हेच. आपल्या कष्टकऱ्यांचे मत दरवेळी गळते ते असे. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एका मतदानासाठी एक टेम्पो करून दहा कुटुंबे गावी आणली, तर ती बाबासाहेबांच्या जयंतीच्या वर्गणीइतकीच मोलाची देणगी ठरेल. आणि मतदान व मोर्चा यांच्या मधले जे तीनशे-साडेतीनशे दिवस उरतात, त्या दिवसांत ग्रामसभेला बसावे, नक्कल मागावी, तारीख विचारावी. चळवळीचे बहुतेक काम याच कंटाळवाण्या दिवसांत होते आणि बहुतेक पराभवही याच दिवसांत होतात.

यंदा संविधान दिनाला आम्ही स्पर्धेचा विषय बदलला. नवा विषय होता : ‘मिळालेला ठराव अंमलात कसा आणावा?’ टाळ्या पूर्वीइतक्या पडल्या नाहीत. पण स्पर्धा संपल्यावर त्या मातेचा मुलगा, आता दहावीत असलेला, आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, तेवढं शिकवा. वाटेचा तुकडा राहिलाय.” दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला आम्ही तोच धडा घेतला.

जय भीम! जय संविधान!